धंद्याची वाढ व धंदेवाल्याची वाढ

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे शाळेच्या ओसरीवर दोन प्रकारचे चेहरे दिसतात. ज्यांचीं नांवें यादींत वर आहेत ते विद्यार्थी व त्यांचे समाधानी वडील एका बाजूस. आणि ज्यांचीं नांवें अगदीं खालीं आहेत किंवा मुळींच नाहींत ते विद्यार्थी व त्यांचे चिंताक्रांत पालक दुसऱ्या बाजूस. परंतु दोन्ही बाजूंचे पालक आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारतात : "आतां याला नोकरी कोठें मिळेल ?" हा प्रश्न अयोग्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या घरीं महिन्याच्या पहिल्या तारखेची वाट पाहावी लागते, त्यासच तिची किंमत ठाऊक असते. तथापि "याला एखादा धंदा काढतां येईल काय ?" असें विचारणारा पालक आम्हांस क्वचित् भेटतो, आणि भेटला तरी त्याच्या मनांत एक समजूत पक्की बसलेली असते. ती ही कीं, धंदेवाला हा जन्मावाच लागतो; हुशारी, धाडस व माणसें सांभाळण्याची कला हीं ज्याच्या अंगीं आधींच असतील त्यानेंच त्या वाटेस जावें, इतरांनीं जाऊं नये.

ही समजूत कितपत खरी आहे, हें नुसत्या वादानें ठरावयाचें नाहीं. एखाद्या कारखानदाराचें चरित्र आरंभापासून अखेरपर्यंत न्याहाळून पाहिलें, तर धंदा वाढतां वाढतां त्याचा कर्ताही कसा वाढत जातो, हें आपोआप ध्यानांत येईल. म्हणून या लेखांत आम्ही किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण घेत आहों. त्यांचें नांव महाराष्ट्रांत सर्वांस परिचित आहे. परंतु ते प्रथमपासूनच मोठे होते असें पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें, आणि तेंच खरें नाहीं.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचें मन रमेना. त्यांस आवड होती ती चित्रें काढण्याची व यंत्रें उघडून पाहण्याची. चित्रकला शिकण्यासाठीं ते मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत दाखल झाले. तेथें असें आढळून आलें कीं, त्यांच्या दृष्टीस कांहीं रंगांमधील भेद नीट कळत नाहीं. चित्रकार होऊं पाहणाऱ्या मुलास याहून मोठा धक्का तो कोणता ? परंतु रेघ ओढावयास रंगाची गरज लागत नाहीं. त्यांनीं रंगाची पेटी बाजूस ठेवून यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याचा अभ्यास धरिला, आणि पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक झाले. म्हणजे या पुरुषाच्या आयुष्याचा आरंभ एका वाटेवरून मागें फिरण्यानें झाला. ज्या विद्यार्थ्यांस एखादा विषय सोडून द्यावा लागला आहे, त्यांनीं एवढी गोष्ट मनांत ठेवण्याजोगी आहे.

धंद्यांत पडणाऱ्या मनुष्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : मी काय विकूं ? लक्ष्मणरावांनीं या प्रश्नाचें जें पहिलें उत्तर काढिलें तें अगदीं साधें होतें. त्या काळीं सायकल ही मोठी नवलाची वस्तु होती. त्यांनीं मुंबईस सायकली घेऊन बेळगांवास आपले वडील बंधु रामूअण्णा यांजकडे पाठवाव्या, आणि रामूअण्णांनीं त्या तेथें विकाव्या, असें ठरलें. इ. स. १८८८ पासून बेळगांवांतील या दुकानाचा उदय धरितात. दुकानावर पाटी लागली ती दोघां भावांच्या नांवाची. सायकल विकत घेणारास ती चालवितां येत नसे, म्हणून शिकविण्याचेंही काम दुकानदारासच करावें लागे. त्याबद्दल १५ रुपये घेत असत.

येथें लक्ष्मणरावांनीं स्वतः कांहींच निर्माण केलेलें नव्हतें. दुसऱ्यानें केलेली वस्तु आणून विकली, इतकेंच. पण या हलक्या वाटणाऱ्या कामांत धंदेवाल्याचे पहिले धडे गिरविले जातात. गिऱ्हाईक काय मागतें, काय बोलून दाखवीत नाहीं, उधारी कोठवर द्यावी, रोजमेळ रोजच्या रोज कां लिहावा, हें पुस्तकांतून येत नाहीं. पुढें मुंबईच्या नोकरींत बढतीची जी जागा त्यांच्या वाट्यास यावयाची ती त्यांस डावलून दुसऱ्यास देण्यांत आली, तेव्हां त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला व ते कायमचे बेळगांवास आले. रागाच्या भरांत नोकरी सोडणारे पुष्कळ असतात. लक्ष्मणरावांचा हा राग वाया गेला नाहीं. कारण त्याच्यापाठीमागें लहानसें कां होईना, पण चालतें दुकान उभें होतें. पालकांनीं या गोष्टीचा विचार करावा. धंदा करणें म्हणजे डोळे मिटून उडी घालणें नव्हे. पुष्कळदां तो नोकरीच्या सावलींतच प्रथम उगवतो.

दुसरा प्रश्न याहून कठीण : ही वस्तु मी स्वतः कशी करूं ? कोणताही दुकानदार कारखानदार होऊं लागला म्हणजे त्याच्या स्वभावांतच फरक पडावा लागतो. विकणारास आज काय खपलें हें पाहून चालतें. करणारास कालचा माल आज शेतांत कसा टिकला हें पाहावें लागतें. लक्ष्मणरावांनीं बेळगांवास लहानसें यंत्रशाळेचें काम सुरू केलें. प्रथम कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं, आणि त्यानंतर इ. स. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर करावयास घेतला.

लोखंडी नांगराचें महत्त्व शहरांतील मुलांस सहसा कळत नाहीं. आपला जुना लांकडी नांगर जमीन चिरतो, पण तिची ढेंकळें उलथून टाकीत नाहीं. काळ्या, भारी जमिनींत हरळी व कुंदा यांच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात. त्या वर काढून उन्हांत वाळविल्याखेरीज मरत नाहींत. लोखंडी नांगर माती खालची वर करितो, आणि हें काम सोपें होतें. परंतु शेतकऱ्यांस हें पटेना. लोखंडाच्या स्पर्शानें जमीन विषारी होईल व पीक येणार नाहीं, अशी त्यांची भीति होती. आरंभीचे नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. दोन वर्षेंपर्यंत तयार माल डोळ्यांसमोर पडून राहिला आहे, आणि घेणारा कोणी नाहीं, अशा स्थितींत मनुष्याच्या धीराची परीक्षा होते.

अशा वेळीं दोन मोह पडतात. एक, गिऱ्हाइकास अडाणी म्हणून नांवें ठेवण्याचा. दुसरा, आपला माल निकामी ठरवून सारें सोडून देण्याचा. लक्ष्मणरावांनीं दोन्ही टाळले. शेतकऱ्याची भीति नाहींशी करावयाची तर त्याच्याच जातभाईच्या शेतांतील पीक दाखवावें लागतें. आणि त्याच्या तक्रारींत खरें किती हेंही पाहावें लागतें. फाळाचीच गोष्ट घ्या. फाळ मऊ असला तर खडकाळ रानांत लवकर झिजतो. फार कठीण असला तर दगडावर आपटून मोडतो. ओतीव लोखंडाचा गुण असा कीं, तें झपाट्यानें थंड झालें तर कठीण होतें व सावकाश थंड झालें तर मऊ राहतें. म्हणून ओतकाम करणारे मातीच्या साच्यांत, ज्या भागास झीज सोसावयाची त्या भागीं, लोखंडाचा ठोकळा बसवितात. रस त्यास लागतांच वरचा थर एकदम थंड होऊन कठीण बनतो आणि आंतला भाग चिवट राहतो. असलीं कामें लक्ष्मणरावांस शिकविणारा गुरु बेळगांवांत कोणी नव्हता. पुस्तकें व परदेशचीं यंत्रविषयक मासिकें वाचावीं, करून पाहावें, बिघडलें तर पुन्हां वितळवावें, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. शिक्षकाची जागा सोडून आलेला हा मनुष्य वयाच्या तिशीनंतर पुन्हां विद्यार्थी झाला ! धंदेवाल्याच्या वाढीची ही दुसरी पायरी होय.

आतां तिसरा प्रश्न : हें काम माझ्यावांचून कोण करील ? आमच्या मतें खरी कसोटी येथेंच लागते. जोंवर कारखाना चार माणसांचा असतो, तोंवर मालक प्रत्येक खिळा आपल्या हातानें तपासूं शकतो. माणसें चाळीस झालीं कीं तें शक्य राहत नाहीं. मग एक तर कारखाना पुन्हां लहान व्हावयाचा, नाहीं तर मालकाचा विश्वास मोठा व्हावयाचा.

लक्ष्मणरावांवर ही वेळ एका संकटाच्या रूपानें आली. बेळगांवच्या नगरपालिकेस गांवाची वाढ करण्यासाठीं त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली, आणि त्यांस तेथून निघणें भाग पडलें. अशा वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस आपल्या संस्थानांत बोलाविलें. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार व कलावंतांचे चाहते होते. त्यांनीं १०,००० रुपयांचें कर्ज दिलें, आणि कुंडल रोड या आगगाडीच्या स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन देऊं केली. ती जमीन म्हणजे निवडुंगानें माजलेलें व साप-विंचवांनीं भरलेलें माळरान होतें. इ. स. १९१० च्या मार्च महिन्यांत लक्ष्मणराव, थोडे कामगार व त्यांचीं कुटुंबें तेथें राहावयास आलीं. हीच किर्लोस्करवाडी. आपल्या देशांतील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते.

माळरानावर कारखाना काढणें म्हणजे नुसतीं यंत्रें मांडणें नव्हे. पाणी पाहिजे, घरें पाहिजेत, मुलांस शाळा पाहिजे, आजाऱ्यास औषध पाहिजे. बेळगांवांत जो दुकानदार होता, त्यास येथें गांवचा कारभारी व्हावें लागलें. आणि हें एकट्याचें काम नसल्यामुळें त्यांनीं जीं माणसें जवळ केलीं, त्यांकडे आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. वसाहतीची आंखणी व कारभार रामूअण्णांनीं पाहिला. शंभोराव जांभेकर हे यंत्रविद्येंत निष्णात होते. मंगेशराव रेगे यांनीं हिशेब संभाळले. परंतु अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले होते, आणि के. के. कुलकर्णी यांस विद्यार्थी म्हणून यश आलें नव्हतें ! पहिल्यांतून कल्पक यंत्रज्ञ निघाला व दुसऱ्यांतून कुशल व्यवस्थापक. एवढेंच नव्हे, तर दरोडेखोरीबद्दल ज्यांचा लोकांस धाक होता, अशा माणसांस लक्ष्मणरावांनीं वसाहतीच्या पहाऱ्यावर नेमलें, आणि त्यांनीं तो विश्वास खरा करून दाखविला. शिवाशीव त्यांनीं आपल्या वसाहतींत चालूं दिली नाहीं. ज्या काळीं मोठमोठ्या शहरांतही एका विहिरीवर सर्वांनीं पाणी भरणें कठीण होतें, त्या काळची ही गोष्ट आहे.

आम्ही शिक्षक आहों. गुणपत्रकें लिहिणें हें आमचें कर्तव्य आहे, आणि तें आम्ही टाकणार नाहीं. परंतु हीं नांवें वाचतांना आमचें आम्हांसच वाटतें कीं, गुणपत्रक हें मुलाच्या एका वर्षाचें माप आहे, साऱ्या मुलाचें नव्हे. माणसाच्या अंगांतील गुण ओळखून त्यास योग्य जागीं बसविणें ही कला लक्ष्मणरावांस जन्मतः नव्हती. ती कारखान्याच्या गरजेनें त्यांस शिकविली. रंग ओळखूं न शकणारा डोळा पुढें माणसें ओळखूं लागला, असें म्हटलें तरी चालेल.

पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत, म्हणजे १९१४ ते १९१८ या अवधींत, परदेशचा माल येणें दुर्घट झालें. देशी नांगरांस मागणी आली, पण तीबरोबरच कच्च्या मालाची टंचाईही आली. संधि व अडचण या बहुधा एकाच गाडींतून उतरतात, असा धंद्यांतला अनुभव आहे. युद्ध संपल्यावर इ. स. १९२० मध्यें या उद्योगाचें रूपांतर मर्यादित जबाबदारीच्या कंपनींत झालें. याचा अर्थ विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावा. घरची पेढी असते तेव्हां मालकाचा शब्द हाच कायदा. कंपनी झाली म्हणजे भागीदारांचा पैसा आंत येतो, आणि प्रत्येक पैचा हिशेब दुसऱ्यांस दाखवावा लागतो. पुष्कळ कर्तृत्ववान् माणसांस हें जाचक वाटतें. "माझ्या कारखान्याचा जाब मीं दुसऱ्यास कां द्यावा ?" असें ते म्हणतात. परंतु ज्यानें लोकांचें भांडवल घेतलें, त्यानें लोकांचा प्रश्नही घेतला पाहिजे. जाब देण्यास न लाजणें ही धंदेवाल्याच्या प्रौढपणाची एक खूण आहे.

याच वर्षीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीं "किर्लोस्कर खबर" हें पत्र काढिलें. प्रथम तें कारखान्याच्या मालाची माहिती देण्यापुरतें होतें. पुढें तेंच "किर्लोस्कर" या नांवानें मराठींतील एक प्रमुख मासिक झालें. नांगराच्या कारखान्यांतून मासिक निघेल असें बेळगांवच्या सायकल-दुकानांत कोणास स्वप्नांत तरी दिसलें असेल काय ?

चवथा व शेवटचा प्रश्न असा : माझ्यामागें हें कसें चालेल ? या प्रश्नाशीं येऊन अनेक उत्तम धंदे अडखळतात. आमच्या पाहण्यांतील एका बाजारपेठेंत एक भरभराटीचें दुकान होतें. त्याच्या वृद्ध मालकानें शेवटच्या दिवसापर्यंत तिजोरीच्या किल्ल्या कमरेच्या सोडिल्या नाहींत. चाळिशींत आलेला मुलगा गल्ल्यास हात लावावयाचा तर वडिलांकडे पाही. वडील गेले आणि तीन वर्षांत दुकानास कुलूप लागलें. मुलगा वाईट नव्हता; त्यास चूक करावयास कधीं मिळालीच नव्हती, म्हणून शहाणपणही आलें नाहीं.

लक्ष्मणरावांनीं आपले चिरंजीव शंतनुराव यांस अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें शिकावयास पाठविलें. ते १९२६ मध्यें पदवी घेऊन आले. त्याच वर्षीं किर्लोस्करवाडीस पाणी उपसण्याचा पंप तयार झाला. ज्या शेतकऱ्यास बापानें नांगर दिला, त्याच्याच विहिरीवरील मोटेचें काम आतां यंत्रानें करण्याची वेळ आली होती. तरुण पिढीनें कारखान्याचा मोहरा हळूहळू पंप, इंजिनें व यंत्रें करणारीं यंत्रें यांकडे वळविला. इ. स. १९४१ मध्यें म्हैसूर राज्यांतील हरिहर येथें लेथ वगैरे यंत्रें करण्याचा कारखाना निघाला. १९४६ मध्यें पुण्यास तेलाच्या इंजिनांचा व बंगलोरास विजेच्या मोटारींचा असे दोन निघाले. हीं कामें पुढच्या पिढीनें उभारिलीं. ज्यानें फाळाचा साचा स्वतःच्या हातानें घडविला, त्या वृद्ध पुरुषानें आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांस निर्णय घेऊं दिले. हात लावणें शिकावयास त्यांस जितके कष्ट पडले असतील, तितकेच हात काढून घेणें शिकावयास पडले असावेत, असें आम्हांस वाटतें.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले. १९६९ मध्यें, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपाल तिकीट काढिलें. हरिहरचा कारखाना कालांतरानें बंद पडला, हेंही सांगितलें पाहिजे. कारण कोणताही कारखाना अमर नसतो, आणि थोरांच्या नांवावर पुढच्यांस फार दिवस बसून खातां येत नाहीं. किर्लोस्करवाडींत मात्र अद्याप पंप तयार होतात, आणि तें माळरान आतां सांगली जिल्ह्यांतील एक नांवाजलेलें गांव आहे.

हें एकट्या लक्ष्मणरावांचेंच झालें असें कोणी म्हणूं नये. मुंबईचे आर्देशीर गोदरेज हे प्रथम वकील होते. तो व्यवसाय त्यांनीं सोडिला. शस्त्रक्रियेचीं हत्यारें करण्याचा त्यांचा पहिला उद्योग फसला. मग १८९७ मध्यें त्यांनीं कुलपें करण्यास आरंभ केला, आणि तेथून तिजोरी व साबण असा त्यांचा उद्योग विस्तारत गेला. पहिल्या अपयशांत त्यांचें भांडवल बुडालें, पण शिक्षण बुडालें नाहीं. दुसऱ्या उद्योगास तें व्याजासह उपयोगी पडलें.

आतां मूळ समजुतीकडे वळूं. धंदेवाला जन्मावा लागतो काय ? आम्हांस दिसतें तें असें कीं, जन्मतः फार तर एखादी आवड व थोडा हट्ट मिळतो. बोलणें दुकान शिकवितें, धीर न खपलेला माल शिकवितो, विश्वास वाढलेला कारखाना शिकवितो, आणि निवृत्ति वाढलेलें वय शिकवितें. मात्र हे धडे ज्याला नको असतात, त्यास धंदा ते सक्तीनें देत नाहीं; तो त्यास नुसता टाकून पुढें जातो. म्हणून धंदा वाढला पण धंदेवाला पूर्वीचाच राहिला, अशी जेथें स्थिति होते, तेथें लौकरच धंदा खालीं येऊन धंदेवाल्याच्या उंचीचा होतो.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलगा किंवा मुलगी जर मोडकें घड्याळ उघडून बसली असेल, अगर सुटींत चार वह्या घाऊक आणून किरकोळ विकून हिशेब मांडीत असेल, तर त्या हिशेबाकडे एकदां कौतुकानें पाहावें. चूक निघाली तर रागावूं नये. चार आण्यांची चूक लहानपणीं झालेली बरी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं ज्यांचें नांव यंदा यादींत खालीं लागलें आहे, त्यांनीं किर्लोस्करवाडीच्या त्या माळरानाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. १९१० सालीं तेथें निवडुंगाशिवाय कांहीं नव्हतें. त्या जागेंत काय होऊं शकेल, हें निवडुंगाकडे पाहून कोणास सांगतां आलें असतें ?